९८२२, ९८२३ आणि मधलं कुत्रं

गेल्या दिवाळीत अण्णांनी दुकानाचं शटर रंगवायला काढलं. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. राहुरीत त्यांचं मोबाइल-रिचार्जचं दुकान आहे, त्याआधी त्याच गाळ्यात एसटीडी-पीसीओ होता. रंगाऱ्यानं तारेचा ब्रश घेऊन जुना रंग खरवडायला सुरुवात केली. वरती एका पेमेंट कंपनीचा निळा रंग होता. तो निघाला तसा खालून लाल आला. लालाच्या खाली गुलाबी. गुलाबीच्या खाली काळ्या रंगात 'एस' आणि अर्धा 'टी'. एकाही रंगाचे पैसे अण्णांनी दिलेले नव्हते. कंपनीचा माणूस यायचा, शटरचं माप घ्यायचा आणि दोन दिवसांनी पेंटर पाठवायचा. दुकानदाराला फुकट रंग, कंपनीला फुकट भिंत.

तो गुलाबी पट्टा बघून मला दहा वर्षांचा मी आठवलो आणि एक कुत्रं आठवलं. तुम्हालाही आठवलं असेल.

व्होडाफोन वाढली कशी, याचं एका शब्दात उत्तर द्यायचं तर: विकत घेऊन. त्या खरेद्यांचे आकडे सगळीकडे मिळतात. मला त्यातली दुसरी बाजू वाचायची आहे. कंपनी विकली जाते तेव्हा तिच्यासोबत माणसंही विकली जातात, म्हणजे आपण, ग्राहक. ही गोष्ट त्या माणसांना सांगायची कशी? ती आपल्याला जाहिरातींनी सांगितली. माझ्या पिढीनं आजीच्या गोष्टींपेक्षा तीस सेकंदांच्या या गोष्टी जास्त वेळा पाहिल्यात. बालवाङ्मय म्हणून त्यांचं वाचन व्हायला हरकत नाही.

दोन आकडे

नव्वदच्या दशकात सरकारनं मोबाइलसाठी देशाचे तुकडे पाडले. त्यांना 'सर्कल' म्हणायचे. मुंबई वेगळी, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून एक सर्कल. प्रत्येक सर्कलमध्ये सुरुवातीला दोन खासगी कंपन्यांना परवाने मिळाले. आपल्या सर्कलमध्ये त्या होत्या बिर्ला-एटी अँड टी आणि बीपीएल. पहिलीचे नंबर ९८२२ नं सुरू व्हायचे, दुसरीचे ९८२३ नं.

नगर जिल्ह्यात हे दोन आकडे बराच काळ आडनावासारखे वागले. ९८२२ किंवा ९८२३ नं सुरू होणारा नंबर म्हणजे साखर कारखान्याचा संचालक, आडतदार, डॉक्टर, बिल्डर. तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. १ मे २००३ ला इनकमिंग फुकट झालं, तोवर फोन वाजला की स्क्रीनवर नंबर बघून कट करायचा आणि एसटीडीवर जाऊन उलटा फोन लावायचा, हा मोबाइलवाल्यांचाही रिवाज होता. अण्णांचा धंदा त्यावर चालायचा. शर्टच्या खिशात दहा-पंधरा हजारांचा हँडसेट आणि हातात एक रुपयाची नाणी, अशी माणसं रांगेत उभी असायची.

पुढं या दोन आकड्यांच्या मागची नावं बदलत गेली. बिर्ला-एटी अँड टीमध्ये टाटांची आंध्रातली कंपनी मिसळली. तिघांची आद्याक्षरं जुळवून बाजारात लोक त्या कंपनीला चक्क 'बटाटा' म्हणू लागले. मला वाटतं, भारतीय उद्योगाच्या इतिहासातलं हे सगळ्यात प्रामाणिक नाव होतं, कारण त्यात कोण कोण शिजलंय ते कळत होतं. २००२ मध्ये त्याचं 'आयडिया' झालं. मग एटी अँड टी बाहेर पडली, टाटा बाहेर पडले आणि आयडिया बिर्लांची राहिली. तिनं एस्कोटेल घेतली, नंतर २००८ मध्ये स्पाइस घेतली.

९८२३ ची गोष्ट आणखी लांबची. बीपीएलचे महाराष्ट्र, केरळ आणि तामिळनाडू हे तीन सर्कल २००६ च्या सुरुवातीला हचिसन-एस्सारकडे, म्हणजे 'हच'कडे गेले. दीडेक वर्षात हचच व्होडाफोननं घेतली. मुंबईत याच घराण्याच्या ९८२० वाल्यांनी तर एकाच सिमवर पाच नावं पाहिली: मॅक्सटच, ऑरेंज, हच, व्होडाफोन आणि आता वी. माणूस तोच, नंबर तोच, बिलाच्या डोक्यावरचं नाव पाच वेळा वेगळं.

आणि ही विकत घेणारी व्होडाफोन स्वतः कोण? १ जानेवारी १९८५ ला ब्रिटनमध्ये तिचं नेटवर्क सुरू झालं, रेकल नावाच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या पोटात. व्हॉइस, डेटा आणि फोन या तीन शब्दांचे तुकडे जोडून तिचं नाव बनलेलं. १९९१ मध्ये ती रेकलपासून वेगळी झाली. १९९९ मध्ये तिनं अमेरिकेतली एअरटच घेतली. २००० मध्ये जर्मनीची मानेसमान घेतली, सुमारे १८० अब्ज डॉलरला. मानेसमान ही १८९० मध्ये सुरू झालेली, पोलादी पाइप बनवणारी कंपनी. मोबाइलचा धंदा तिनं शंभर वर्षांनी सुरू केला आणि त्याच धंद्यापायी ती विकली गेली. तिथं संचालक मंडळानं विरोध केला, देशाच्या चॅन्सेलरनं नाराजी व्यक्त केली, नंतर बोनसवरून फौजदारी खटलाही चालला. आपल्याकडं हच विकली गेली तेव्हा सामान्य ग्राहकाला काय वाटलं? काही नाही. त्याला एक कुत्रं दाखवलं गेलं.

गोव्यातलं कुत्रं

२००३ ची हचची जाहिरात. एक लहान मुलगा चालतोय. मागं एक पग. मुलगा गल्लीतून जातो, कुत्रं गल्लीतून. तो जिथं वळतो तिथं तेही वळतं. शेवटी एक ओळ येते, तुम्ही जिथं जाल तिथं आमचं नेटवर्क मागं येईल अशा अर्थाची. ओगिल्व्ही या एजन्सीनं केलेली आणि प्रकाश वर्मांनी दिग्दर्शित केलेली ही फिल्म.

ती चांगली आहे, हे आधी मान्य करायला हवं. तिच्यात एकही टॉवर नाही, फोनवर हसणारी बाई नाही, दर नाही, ऑफर नाही. तंत्रज्ञानाची गोष्ट निष्ठेच्या गोष्टीत बदलण्याचं काम तिनं फार कमी सामानात केलं. 'नेटवर्क' हा शब्द तेव्हा आमच्याकडं कुणाला धड कळत नव्हता. 'रेंज' कळायची, तीही आहे किंवा नाही एवढीच. कुत्रं मात्र सगळ्यांना कळतं. रानात जाताना मागं येणारं कुत्रं नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक वस्तीवर आहे.

पण ही फिल्म चित्रित झाली गोव्यात. आणि गोवा आपल्याच सर्कलमध्ये येतो. २००३ मध्ये महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये हचचा परवाना नव्हता. मुंबईत होता, तोही ऑरेंज या नावानं. म्हणजे ज्या गल्लीबोळातून ते कुत्रं मुलाच्या मागं चाललं होतं, तिथं त्या कंपनीचं नेटवर्क नव्हतंच. आम्ही राहुरीत टीव्हीवर तीन वर्षं त्या कुत्र्याला बघत होतो आणि दुकानात हचचं कार्ड मागितलं तर अण्णा सांगायचे, "आपल्याकडं नाही येत ते."

हा योगायोग आहे, फसवणूक नाही. जाहिरात देशभरासाठी होती, गोवा फक्त लोकेशन होतं. तरी मला या योगायोगात त्या धंद्याची पद्धत दिसते. जिथं तुम्ही नाही तिथं आधी तुमची गोष्ट पोहोचते. लोकांना ती आवडते. मग तिथं टॉवर उभे करायचे की आधीच कुणी उभे केलेले विकत घ्यायचे, हा फक्त हिशोबाचा प्रश्न उरतो. २००६ मध्ये हचनं बीपीएलचे टॉवर आणि ग्राहक घेतले आणि कुत्रं राहुरीला आलं. अण्णांचं शटर गुलाबी झालं. ज्यांच्याकडं ९८२३ होता, त्यांच्या मागं ते त्या दिवसापासून चालू लागलं. त्यांनी बोलावलेलं नव्हतं.

घर बदललं

फेब्रुवारी २००७ मध्ये व्होडाफोननं हच-एस्सारमधला ६७ टक्के हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. किंमत ११.१ अब्ज डॉलर. कर्जासकट सगळ्या कंपनीचं मूल्य १८.८ अब्ज डॉलर धरलं होतं आणि ग्राहक होते २ कोटी ३३ लाख. भागाकार करून बघा. एका ग्राहकामागं सुमारे ८०० डॉलर, तेव्हाच्या भावानं साधारण ३५ हजार रुपये.

त्या वर्षी अण्णांच्या दुकानात सगळ्यात जास्त खपायचं ते दहा रुपयांचं रिचार्ज. त्यावर त्यांना चाळीस पैसे सुटायचे. ३५ हजार म्हणजे दहा-दहाचे साडेतीन हजार रिचार्ज. रोज एक मारला तरी साडेनऊ वर्षं लागतात. २००७ पासून मोजलं तर २०१६ चा शेवट येतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं आणि काही महिने सगळं फुकट वाटलं गेलं. रोज दहाचं रिचार्ज मारणारा तो काल्पनिक माणूस व्होडाफोनला स्वतःच्या किमतीएवढे पैसे परत देऊन व्हायच्या आतच बाजार उलटा झाला. हा हिशोब ढोबळ आहे, मला माहीत आहे. माणसं दहा रुपयांवर थांबली नाहीत आणि कंपनीची किंमत अशी एकेका माणसावर वाटता येत नाही. पण कोण किती पैसे लावून कुणाकडून काय अपेक्षा करत होतं, याचा अंदाज त्यातून येतो.

सप्टेंबर २००७ मध्ये नाव बदललं. जाहिरातीत तेच पग. ते एका गुलाबी घरातून बाहेर पडतं, हुंदडतं आणि लाल घरात शिरतं. हच आता व्होडाफोन झालंय, एवढाच निरोप. आम्हा पोरांना ती फार आवडली, कारण कुत्रं राहिलं होतं.

आता दोन्ही फिल्म शेजारी ठेवून बघा. २००३ मध्ये कुत्रं म्हणजे नेटवर्क, मुलगा म्हणजे ग्राहक. ग्राहक पुढं, कंपनी मागं. २००७ मध्ये मुलगा नाही. फक्त कुत्रं आहे आणि त्याचं घर बदललंय. घर म्हणजे कंपनी असेल, तर तिच्यात राहायला जाणारा कोण? आपण. चार वर्षांत, त्याच एजन्सीच्या हातून, त्याच प्राण्याच्या रूपात, पात्रांची अदलाबदल झाली. मागं येणारी कंपनी मालक झाली आणि पुढं चालणारा ग्राहक पाळीव झाला. कुणीही आरडाओरडा केला नाही, कारण कुत्रं खूश दिसत होतं. घर कुणी विकलं, कुणी घेतलं, केवढ्याला, हे कुत्र्याला कुठं कळतं? रंग आवडला की झालं.

हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. लिहिणाऱ्यांना फक्त नाव बदलायचं होतं आणि लोकांचा जीव ज्या पात्रावर होता ते पात्र हाताशी होतं. पण गोष्टी लिहिणाऱ्याच्या हेतूपेक्षा जास्त बोलतात, हे आपण कादंबरीच्या बाबतीत मान्य करतो. मग जाहिरातीच्या बाबतीत का नाही?

याच सुमारास या व्यवहाराची दुसरी गोष्ट न्यायालयात सांगितली जाऊ लागली. प्राप्तिकर खात्याचं म्हणणं, मालमत्ता भारतातली आहे, ती विकली गेली, तर कर इथं द्या. रक्कम होती सुमारे ११ हजार कोटी. व्होडाफोनचं म्हणणं, भारतात काही विकलंच गेलं नाही. विकला गेला तो केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर. व्यवहार दोन परदेशी कंपन्यांमधला. मुंबई उच्च न्यायालयानं २०१० मध्ये खात्याची बाजू घेतली. सर्वोच्च न्यायालयानं २० जानेवारी २०१२ ला व्होडाफोनची. त्याच वर्षी सरकारनं पूर्वलक्षी प्रभावानं कायदाच बदलला. २०२० मध्ये हेगच्या लवादानं तो पवित्रा चुकीचा ठरवला आणि २०२१ मध्ये संसदेनं ती तरतूद मागं घेतली.

कायदा कुणाच्या बाजूनं होता, हा वकिलांचा प्रश्न आणि त्याचा निकाल लागलेला आहे. मला त्यातली कथनाची गंमत दिसते. टीव्हीवर देशभर सांगितलं जात होतं की घर बदललं. न्यायालयात त्याच घराबद्दल सांगितलं जात होतं की इथं काही हललेलंच नाही. दोन्ही विधानं आपापल्या जागी खरी. एक कुत्र्यासाठी होतं, एक कायद्यासाठी.

नंबर हेच नाव

त्याच दरम्यान ९८२२ वाल्यांची, म्हणजे आयडियाची, एक जाहिरात यायची. अभिषेक बच्चन एका गावाचा प्रमुख. गावात जातीवरून दंगल पेटलेली. तो उपाय सांगतो: यापुढं कुणाला नावानं, जातीनं ओळखायचं नाही, मोबाइल नंबरनं ओळखायचं. गाव सुधारतं. शेजारचा माणूस कल्पनेचं कौतुक करतो आणि ते कौतुकाचं वाक्य पुढं कित्येक वर्षं शाळा-कॉलेजात आमच्या तोंडी राहिलं.

या जाहिरातीला मी सहज नाकारू शकत नाही. प्राइम टाइमला, क्रिकेटच्या दोन ओव्हरींच्या मध्ये, 'जात' हा विषय काढणारी दुसरी मोबाइल कंपनी मला आठवत नाही. इंजिनिअर म्हणून तो उपाय मला ओळखीचाही वाटतो. डेटाबेसमध्ये प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्यायचा, नाव सारखं असलं तरी गोंधळ नको, हे आम्हाला दुसऱ्याच वर्षी शिकवतात. पण नोकरीत आणखी एक गोष्ट शिकायला मिळाली. तक्त्यातून जातीचा रकाना काढला म्हणून डेटामधून जात जात नाही. गाव, पिनकोड, आडनाव, शाळा हे बाकीचे रकाने मिळून तो पुन्हा भरून काढतात.

मोबाइलमध्येही तेच झालं. एक तर नंबरांमध्येच उच्च-नीच होतं. ९८२२ म्हणजे जुनं घराणं. शेवटी चार नऊ असलेला नंबर म्हणजे पैसेवाला, आणि तोच आकडा एमएच १६ च्या स्कॉर्पिओवरही. सहा-सातनं सुरू होणारा नंबर म्हणजे काल आलेला. दुसरं म्हणजे, नंबर हीच ओळख असेल तर ती ओळख कुणाच्या मालकीची? जानेवारी २०११ मध्ये नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय देशभर झाली. तोवर कंपनी सोडली की नंबर सोडावा लागायचा. जाहिरातीतल्या त्या गावकऱ्यांनी नाव टाकून नंबर घेतला असता, तर त्यांची नावं कंपनीकडं गहाण राहिली असती.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात साधी. मोबाइलनं नंबर पुसले, नावं नाही. एसटीडीच्या काळात अण्णांना दीडशे नंबर पाठ होते. आता त्यांना स्वतःचाही सांगायला फोन बघावा लागतो. त्यांच्या फोनमध्ये माणसं आहेत ती 'सुरेश वायरमन', 'जावेद पंक्चर', 'पाटील दूध', 'शिंदे मळा' अशी. धंदा, गाव, आडनाव, धर्म, सगळं सेव्ह केलेलं. अनोळखी फोन आला की पहिला प्रश्न "कोण बोलतंय?", दुसरा "कुणाकडचे तुम्ही?" दुसऱ्या प्रश्नात काय विचारलंय ते विचारणाऱ्यालाही कळतं आणि सांगणाऱ्यालाही.

मे २०१५. शिर्डी. राहुरीहून एसटीनं दीड-दोन तास. नर्सिंग शिकणारा एक दलित तरुण लग्नासाठी आला होता. दुकानात बसलेला असताना त्याचा मोबाइल वाजला. रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची होती. ती बंद कर म्हणून वाद झाला, त्याला उचलून नेलं आणि तो मारला गेला, असं तेव्हाच्या बातम्यांत सगळीकडे आलं. मी तेव्हा अठराचा होतो. आमच्या वर्गातल्या तिघांनी त्या आठवड्यात आपली रिंगटोन बदलली. एकानं मुद्दाम तीच ठेवली आणि आवाज वाढवला. कुणी कुणाला काही म्हणालं नाही.

त्या मुलाचाही एक दहा आकडी नंबर होता. त्यानं कुणाचं काही अडलं नाही. फोन वाजला तेव्हा लोकांनी नंबर विचारला नाही, गाणं ऐकलं. जाहिरातीच्या गावात मोबाइल जात झाकतो. आमच्या जिल्ह्यात त्यानं ती मोठ्यानं वाजवून दाखवली. आणि वाजवायचा हक्क त्या मुलाला होता, हे त्या जाहिरातीला सुचलंच नव्हतं. तिच्या सुधारलेल्या गावात शांतता आहे, पण ती सगळ्यांनी आपापलं नाव खाली ठेवल्याची शांतता आहे. ज्यानं आपलं नाव आणि आपलं गाणं मिळवायला तीन पिढ्या घालवल्या, त्याला ते खाली ठेव म्हणणं हा उपाय नाही.

अंडी आणि वी

झूझूंबद्दल फार लिहायला नको. २००९ च्या आयपीएलमध्ये आलेली ती अंड्याच्या डोक्याची पांढरी माणसं ॲनिमेशन नव्हती. आत खरी माणसं होती, हे कळल्यावर आम्ही हॉस्टेलात पैजा हरलो. इतक्या भाषांचा देश विकत घेतल्यावर कंपनीनं जी भाषा काढली ती कुणाचीच नव्हती. डबिंग नको, भाषांतर नको, मराठी-हिंदी वाद नको. पगमध्ये निदान एक गल्ली होती, एक ऊन होतं. झूझू कुठंच राहत नाहीत. बहुराष्ट्रीय म्हणजे काय, याचं इतकं नेमकं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. त्यात हसू येतं, हे त्याचं यश.

मग २०१६ नंतरची पडझड. आमच्या अण्णांसारख्यांनी ती काउंटरवरून पाहिली. एक कंपनी, नाव नको, एका महिन्यात गाशा गुंडाळून गेली आणि अण्णांच्या रिचार्जच्या खात्यातली शिल्लक तिच्यासोबत गेली. फोन लावला तर 'हा नंबर अस्तित्वात नाही'. ज्यांनी आयुष्यभर लोकांना हे वाक्य समजावून सांगितलं, त्यांनाच ते ऐकायला लागलं.

मार्च २०१७ मध्ये व्होडाफोन आणि आयडियानं विलीनीकरण जाहीर केलं. ३१ ऑगस्ट २०१८ ला ते पूर्ण झालं. दोघींचे मिळून ४० कोटींहून जास्त ग्राहक, देशातली सगळ्यात मोठी मोबाइल कंपनी. नव्वदच्या दशकात आपल्या सर्कलमध्ये एकमेकींसमोर उभ्या राहिलेल्या दोन कंपन्या, ९८२२ आणि ९८२३, वीस वर्षं इकडून तिकडून माणसं गोळा करत शेवटी एकाच घरात आल्या. मधल्या काळात आमच्याकडं यावरून भांडणं झाली होती. 'आयडियाला रानात रेंज आहे', 'हचला नाही' यावर पोरं तावातावानं बोलायची. दोन्ही पक्ष एकच निघाले.

सप्टेंबर २०२० मध्ये त्या घराला नाव मिळालं: वी. इंग्रजीत त्याचा उच्चार 'आपण' या अर्थाच्या शब्दासारखा होतो, म्हणून निवडलेलं. मराठी कानाला 'वि' हा उपसर्ग ऐकू येतो: विलीन, विभक्त, विसर्जन. आमच्या दुकानात तर ते कुणी म्हणतच नाही. लोक 'आयडियाचं मारा' किंवा 'होडाफोनचं मारा' असंच सांगतात. बटाटा हे नाव लोकांनी दिलं होतं म्हणून टिकाऊ होतं. हे वरून आलं आणि जिभेवर उतरलं नाही.

ग्राहक त्यानंतर निम्म्यावर आले. २०१९ मध्ये महसुलाच्या व्याख्येबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपन्यांच्या विरोधात गेला आणि थकबाकीचा डोंगर उभा राहिला. त्यातली काही रक्कम सरकारनं शेअरच्या रूपात घेतली, २०२३ मध्ये एकदा आणि २०२५ मध्ये पुन्हा. आता या कंपनीतला जवळपास ४९ टक्के हिस्सा भारत सरकारचा आहे. ज्या व्यवहारावर सरकारनं मागितलेल्या कराचा वाद हेगपर्यंत गेला, त्या व्यवहारातून उभ्या राहिलेल्या कंपनीत तेच सगळ्यात मोठं भागीदार झालं. याची जाहिरात मात्र कुणी केली नाही. पग असता तर त्याला या वेळी कोणत्या रंगाच्या घरात पाठवलं असतं, हा प्रश्न मला खरंच पडतो.

मग काय

कुणी म्हणेल, जाहिरातीच आहेत त्या, एवढं काय वाचायचं? याला माझं उत्तर असं की विकत घेऊन वाढणाऱ्या कंपनीला गोष्टीची गरज स्वतः उभारून वाढणाऱ्या कंपनीपेक्षा जास्त असते. टॉवर उभारला तर तो दिसतो. मालक बदलला तर काहीच दिसत नाही, म्हणून काहीतरी दाखवावं लागतं. पगनं आपल्याला दाखवलं की बदल म्हणजे रंग. आयडियाच्या गावानं दाखवलं की भेद म्हणजे नाव. दोन्हीकडं आपण सुटकेचा श्वास घेतला, कारण दोन्हीत आपल्याला काहीच करायचं नव्हतं. २०१० च्या आसपास एका सर्कलमध्ये दहा-बारा कंपन्या होत्या. आता सरकारी बीएसएनएल सोडली तर तीन आहेत. जुलै २०२४ मध्ये तिघींनी पाठोपाठ दर वाढवले, तेव्हा अण्णांच्या काउंटरवर लोक चिडून विचारत होते, "दुसऱ्या कुणाचं स्वस्त आहे का?" त्या वेळी कुठलं कुत्रं मदतीला आलं नाही.

आमच्या जिल्ह्याचंही नाव २०२४ मध्ये बदललं. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पाट्या रंगवून झाल्या, बसवर नवं नाव आलं. स्टँडवर कंडक्टर अजून "नगर, नगर, नगर" असंच ओरडतो आणि दोन्ही नावांची माणसं त्याच गाडीत चढतात. चौंडीच्या अहिल्याबाईंचं नाव आणि एका कंपनीचं नाव यांची तुलना मला करायची नाही. एवढंच, की नाव बदललं म्हणून रस्ता, पाणी आणि कुणाकडचे-तुम्ही यांचे हिशोब आपोआप बदलत नाहीत. ते वेगळे बघावे लागतात.

रंगारी शटर घासतच होता. मी म्हटलं, अजून थोडं घास, गुलाबीच्या खाली बीपीएलचं काही आहे का बघू. अण्णा आतून ओरडले, "बास कर रे, पत्रा पातळ झालाय. भोक पडंल." रंगाऱ्यानं ब्रश खाली ठेवला. या वेळचा रंग अण्णांनी स्वतःच्या पैशानं आणला होता. राखाडी. वर कुणाचंच नाव नाही.